पश्चिमेचं कपाट

कन्हेरीच्या बादशाह मिस्त्रीनं विजयसिंहांची बारामतीतली तीन घरं सजवली होती. चौथं कोकणात, समुद्रासमोर. पण तिथं त्याचं चित्त ठिकाणावर राहीना. पश्चिमेच्या खिडकीतून पाणी सारखं हलायचं, वर दुपारचं ऊन. आपल्याकडं पश्चिमेला कोण एवढी खिडकी ठेवतं? त्यानं भिंतभर सागवानी कपाट ठोकून टाकलं.

घर बघायला आलेल्या विजयसिंहांच्या पत्नी विजयमालावहिनी सगळ्या खोल्या फिरल्या. "बादशाहभाई, समुद्र कुठं हाय?"

"कपाटामागं."

कपाट उतरवायला दोन दिवस गेले. मिस्त्री समुद्राकडं तोंड करून फळ्या सुट्या करत होता, वहिनी ऊन चुकवत खुर्ची सरकवत होत्या. तिसऱ्या दिवशी त्या डोळे चोळत म्हणाल्या, "कपाटच बरं हुतं."

"आता न्हाय जमायचं, वहिनी," मिस्त्री म्हणाला. "पाणी दिसल्याबिगर आता माझा हातच चालंना."