वरच्या भोकातली तार

हसू नका मित्रांनो! काडेपेटीएवढा दिसत असलो, तरी मी एका बाईचं हृदय वर्षानुवर्षं चालवलेला जुना पेसमेकर आहे. बॅटरी संपली म्हणून मला बाहेर काढून दवाखान्यात शिकवणीच्या टेबलावर ठेवलंय. येणारा-जाणारा मला उचलतो आणि उलटा ठेवतो. राग येतो, पण करता काय!

कारखान्यात माझ्या डोक्याला दोन भोकं पाडली. वरच्या भोकात हृदयाच्या वरच्या कप्प्याची तार, खालच्या भोकात खालच्या कप्प्याची. मला एवढंच ठाऊक होतं.

मग मी रंगारी मावशीच्या वाट्याला आलो. शिडीवर चढून भिंती रंगवणं हा तिचा धंदा. तिच्या हृदयाचा वरचा कप्पा सतत थरथरायचा आणि त्याचा निरोप खाली पोचतच नव्हता. ठोके मंदावून ती घेरी येऊन पडली होती.

"एका भोकाचा डबा पुरे की, मॅडम," ऑपरेशनच्या वेळी तंत्रज्ञ म्हणाला. "खालच्या कप्प्यात एक तार टाकू, झालं."

"तशी टाकली तर एक बाजू आधी आकसते, दुसरी मागून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हृदय दमतं. हिला शिडी चढायचीय. तार हिस बंडलला लावू."

हिस बंडल म्हणजे हृदयाची स्वतःची वायर. तिथून निरोप सुटला की दोन्ही बाजू एकदम आकसतात.

"आणि तिथली पकड सुटली तर?"

"म्हणून तर खालच्या कप्प्यात दुसरी तार, राखीव. दोन भोकांचा द्या. वरच्या कप्प्याला तार नकोच आहे, मग हिसची तार वरच्या भोकात घालू."

माझी तर मतीच गुंग झाली! पण ठोका सोडला आणि काय सुरेख आकसलं ते हृदय! खालची राखीव तार नुसती कान देऊन बसली. महिन्याभरात मावशी शिडीवर चढून मुकादमाशी भांडू लागली. मला फार अभिमान वाटायचा.

पुढे ती मोठ्या बहिणीकडे दुसऱ्या गावी राहायला गेली. तिथल्या दवाखान्यात तपासणी झाली. तिथला तंत्रज्ञ बिचारा भला माणूस होता.

"काकू, तुमचा वरचा कप्पा नुसता थरथरतोय. ही वरची तार फुकट बॅटरी खातेय. बंद करतो, डबा जास्त टिकेल."

"तुम्हालाच कळतं बाबा," मावशी म्हणाली.

अरे, ती वरच्या कप्प्याची नाही, असं मी ओरडणार कसा? मला तोंड कुठे आहे! हिसची तार गप्प झाली. राखीव तारेने जीव सांभाळला, पण हृदय पुन्हा ओढाताण करत आकसू लागलं. मावशीचे पाय सुजले. दोन पायऱ्या चढली की धाप लागायची.

"वय झालं तुझं," ताई म्हणाली. "विकून टाक ती शिडी."

मावशी मान खाली घालून सुजलेले पाय चोळत बसली. एरवी ती कुणाचं ऐकून घेत नसे. मला फार वाईट वाटलं.

शेवटी ताईनेच तिला जुन्या डॉक्टरीणबाईंकडे आणलं. त्यांनी पडद्यावर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई! हिसची तार कुणी बंद केली?"

त्यांनी ती चालू केली. हुश्श! किती दिवसांनी दोन्ही बाजू एकदम आकसल्या!

बाईंनी त्या तंत्रज्ञाला फोन लावला. तो रडवेला झाला. "मॅडम, मी भोकाचं नाव बघितलं. तार कुठे पोचलीय ते बघितलंच नाही."

हळूहळू सूज उतरली. मग एका सकाळी ताई खालून ओरडत होती, "उतर गं आता, जेवण गार होतंय!" आणि मावशी वरून म्हणत होती, "एवढा कोपरा होऊ दे!" तिला जराही धाप लागली नव्हती. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

मित्रांनो, दुसऱ्याने जोडलेलं काही बिनकामाचं वाटलं, तर बंद करण्याआधी जोडणाऱ्याला विचारा. विचारायला एक फोन पुरतो. मावशीचा श्वास मात्र कित्येक आठवडे अडकला होता.