मर्लच्या ब्युइकची बॅटरी

आमच्या मर्लला गावाने कामातून गेलेला ठरवून टाकलं, त्याला आता वर्ष होत आलं. मी ठरवलेलं नाही. माणूस विसरतो, ओळखीच्या रस्त्यावर चुकतो, भर दुपारी उठून कारखान्याच्या रात्रपाळीला निघतो, हे सगळं मला मान्य आहे. त्याच्याबरोबर मी राहते, गाव राहत नाही. पण माणूस विसरायला लागला म्हणून त्याला घराबाहेर काढून ठेवायचं, हे मला कुणी शिकवायला येऊ नये.

मर्लने जन्मभर नोकरी केली ती ओतकामाच्या कारखान्यात, पण इंडियानातल्या आमच्या भागात त्याला लोक ओळखतात ते जुन्या गाड्यांच्या क्लबचा परीक्षक म्हणून. उन्हाळा लागला की दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या मैदानात ही मंडळी आपापल्या गाड्या मांडून बसतात आणि एकमेकांचे गुण कापतात. गाडी कारखान्याच्या दारातून निघाली त्या दिवशी जशी दिसत होती, तशीच आज दिसली पाहिजे. एक बोल्ट नंतरच्या सालचा निघाला तरी घसा बसेपर्यंत वाद. नाकाने कांदे सोलणारे लोक सगळे, आणि त्यांत आमचा नवरा पहिला. परीक्षकाने गाडीला हात लावायचा नसतो, म्हणून तो दोन्ही हात पाठीमागे बांधून बॉनेटखाली वाकायचा आणि सगळ्यात आधी बॅटरी बघायचा. बॅटरीत जो आळस करतो तो सगळीकडे करतो, असं त्याचं म्हणणं.

आमची स्वतःची गाडी बासष्टची ब्युइक, फिकट हिरवी, तळ्यातल्या नावेएवढी लांब. तिच्यात बॅटरीही त्या काळासारखीच दिसणारी होती: कडक काळ्या रबराची पेटी, वरून डांबराचा थर, त्या थरातून वर आलेल्या शिशाच्या जाड पट्ट्या आणि ओळीने सहा पिवळी बुचं. मर्ल ती गाडी रोज चालवायचा. निघण्यापूर्वी बॉनेट उघडून तेल बघणार, बॅटरी बघणार, मग बसणार. किराणा आणायला जायचं असलं तरी हेच. मी तोवर पर्स घेऊन दारात उभी.

ईस्टरला आमचा मुलगा ड्वाइट फिनिक्सहून आला. तेवढ्यात ब्युइकची बॅटरी मेली. ड्वाइटने चांगुलपणाने दुकानातून नवी आणून बसवली आणि जुनी दुकानदाराला देऊन टाकली. नवी म्हणजे करड्या प्लास्टिकचा ठोकळा, वर उचलायला दोरी, आणि अंगावर एवढं मोठं लाल-पिवळं लेबल. ड्वाइट विमानाने परत गेला. दुसऱ्या दिवशी मर्लने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि परक्याच्या गाडीला ओरखडा जाऊ नये अशा बेताने ते हळूच बंद केलं.

"ही आपली गाडी नाही, लव्हॉन," तो मला म्हणाला. "कुणाची तरी चुकून इथे आलीय."

मग संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून राहिला, ज्याची असेल तो न्यायला येईल म्हणून. त्या दिवसापासून तो ब्युइकमध्ये बसला नाही. माझ्या छोट्या जपानी गाडीला तो पहिल्यापासूनच गाडी म्हणत नाही. दवाखान्याची व्हॅन दारात आली की न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावतो. एकदा मी दाराबाहेर बसून दोन तास मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा बाहेर आला.

यात हसण्यासारखं काही नव्हतं, कारण डॉक्टर प्रुइट बाईंनी त्याला समोर बसवून तपासल्याशिवाय घरी नर्स मिळत नव्हती. माझी कंबर गेलेली. रोज दिवसभर कुणीतरी हाताखाली असल्याशिवाय मला त्याला सांभाळणं शक्य नाही, हे मलाही कळतं. दोन वेळा ठरलेली तपासणी हुकली होती. तिसरी पुढच्या बुधवारी होती. तीही हुकली, तर ड्वाइटने शहराजवळच्या वृद्धाश्रमात खाट बघून ठेवली होती. फिनिक्समध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकणं त्याला बरं जमतं. फोनवर म्हणाला, आई, तू थकलीस, हट्ट सोड. मी म्हटलं, थकले असेन, पण मेले नाही, आणि फोन ठेवला.

मला काय करायचं ते मी त्याच दिवशी ठरवलं. मर्लला त्याची बॅटरी दिसली पाहिजे. तशा दिसणाऱ्या बॅटऱ्या नव्याने बनवून देणारे लोक आहेत, पण त्यांच्याकडे उन्हाळा संपेपर्यंत रांग. दुसरी युक्ती क्लबातल्या प्रत्येकाला माहीत असते: जुनी रिकामी पेटी मिळवायची, तळाकडून कापायची, आणि आत बुटकी नवी बॅटरी दडवायची. वरून बघणाऱ्याला जुनीच दिसते. मी क्लबच्या अध्यक्षांना फोन केला. त्यांनी आधी मर्लची चौकशी केली, मग म्हणाले, स्पर्धेसाठी असतं तर जरूर केलं असतं, पण आजारी माणसाला असं फसवणं त्यांच्या मनाला पटत नाही. स्पर्धेत परीक्षकाला फसवलेलं चालतं, नवऱ्याला दवाखान्यात न्यायला चालत नाही. मी त्यांना हे ऐकवलं. नंतर त्यांच्या बायकोने चीज घालून भाजलेलं कॅसरोल पाठवून दिलं. ते मी कुत्र्याला घातलं.

राहिला एकच माणूस, व्हर्जिल होस्टेटलर. त्याच्याकडे खरी, कारखान्यातली, कोरडी ठणठणीत पेटी होती, आणि माझ्याशी न बोलण्याचं कारणही होतं. अठरा वर्षांपूर्वी मर्लने त्याच्या बॅटरीचा एक गुण कापला होता, आणि त्या एका गुणाने व्हर्जिलचं पहिलं बक्षीस गेलं होतं. तेव्हापासून दोघं चर्चमध्ये सुद्धा वेगवेगळ्या बाजूला बसत. मी त्याच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पेटी देतो. पण बघायला मी तिथे उभा राहणार."

"कशाला?"

"त्याने या पेटीचा गुण कापलाय. आता पुन्हा बघू दे की."

म्हातारपणी माणसं कशाला धरून बसतील सांगता येत नाही. मी म्हटलं, ये बाबा, उभा राहा.

दुसऱ्या दिवशी तो पेटी घेऊन आमच्या गॅरेजमध्ये आला. पेटी बघितली आणि मर्लने गुण का कापला ते मला क्षणात कळलं. वरचं डांबर आरशासारखं गुळगुळीत होतं. बॅटरीच्या कारखान्यात बायका फिरत्या पट्ट्यावरून सरकणाऱ्या बॅटऱ्यांवर घाईघाईने डांबर ओतत. ते कुठे जाड पडे, कुठे पातळ, कुठे कडेवरून ओघळे. व्हर्जिलने प्रेमाने घासूनपुसून ते इतकं सुरेख केलं होतं की तशी बॅटरी जगातल्या कुठल्याच कारखान्यातून कधी बाहेर पडली नसेल. ही चूक फक्त या लोकांकडूनच होते. जुनं जपता जपता ते जुन्याहून चांगलं करून ठेवतात.

मी म्हटलं, हे खरवडून पुन्हा ओतायला हवं, आणि वेडंवाकडं ओतायला हवं. व्हर्जिल असा बघायला लागला, जणू मी त्याच्या नातवाचे केस वेडेवाकडे काप म्हणाले होते. तरी त्याने प्रयत्न केला. जुन्या पातेल्यात डांबर वितळवलं, हात मुद्दाम वाकडा धरला, तरी थर आपला सपाट. दुसऱ्यांदाही सपाट. "जन्मात गबाळं काम केलं नाही गं मी," तो अगदी हताश होऊन म्हणाला.

मग पातेलं मी घेतलं. माझं मनगट दुखतं, हात थरथरतो, आणि मला डांबराबद्दल काडीचीही भक्ती नाही. एका दमात ओतून टाकलं. एका कोपऱ्यात साचलं, मधे सुरकुती पडली, कडेने एक ओघळ खाली आला. व्हर्जिलने वाकून ते चारी बाजूंनी बघितलं.

"असंच असतं," तो म्हणाला. "तुला पहिला नंबर द्यायला पाहिजे."

बाकीचं काम त्याने केलं: आत नवी बॅटरी, तारा पट्ट्यांखालून अशा नेलेल्या की शोधून सापडू नयेत, बुचं घट्ट. मग आम्ही तिघं ओसरीवर कॉर्नब्रेड आणि बीन्स खायला बसलो. मर्ल व्हर्जिलला अगदी आदराने मीठ देत होता, कारण हा कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. व्हर्जिलला ते सहन होत नव्हतं. जाताना मला हळूच म्हणाला की, अठरा वर्षं भांडलो तेच बरं होतं.

बुधवारी सकाळी मर्लने कोट घातला. मी फक्त एवढंच म्हटलं, चल, जरा शहराकडे जाऊन येऊ. तो गॅरेजमध्ये गेला. व्हर्जिल टोपी हातात घेऊन भिंतीशी उभा. मर्लने बॉनेट उघडलं, तेलाची कांडी काढून पुसली, बघितली, ठेवली. मग दोन्ही हात पाठीमागे बांधून बॅटरीवर वाकला.

वाकला तो वाकलेलाच. कोपऱ्यातलं डांबर बघितलं, सुरकुती बघितली, ओघळ बघितला. मान हलवली, म्हणजे पसंत. व्हर्जिलने श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं. तेवढ्यात मर्लने नाक आणखी खाली नेलं आणि तसाच थांबला.

"वास नाही येत," तो म्हणाला. "ॲसिडचा वास असतो. आत नवी आहे ही."

व्हर्जिल आपल्या बुटांकडे बघायला लागला. मी आठवडाभर थापा तयार करून ठेवल्या होत्या, चांगल्या चार-पाच. त्यातली एकही तोंडातून निघेना. मला त्या माणसाचा एकदम भयंकर अभिमान वाटला. सगळं जग म्हणत होतं संपला, आणि तो नुसत्या नाकाने आम्हा दोघांना पकडत होता.

"हो," मी म्हटलं. "आत नवी आहे. वरचं डांबर मी ओतलं."

"का?"

"तू गाडीत बसावंस म्हणून. डॉक्टरकडे जायचंय, मर्ल. नाही गेलास तर तुला या घरातून नेतील. आणि मी नेऊ देणार नाही."

तो माझ्याकडे बघत होता. त्या बघण्यात तो आहे की नाही हे मला हल्ली ओळखता येतं. तेव्हा तो होता, सगळाच्या सगळा.

"एवढं झालंय का माझं?" त्याने विचारलं.

"झालंय," मी म्हटलं.

त्याने पुन्हा बॅटरीकडे बघितलं. "स्पर्धेत आत काय आहे ते विचारायचं नसतं," तो सावकाश म्हणाला. "वरून बरोबर दिसलं की पूर्ण गुण. तुझे ते डॉक्टर आत बघतात का?"

"बघू देत. बघून माझं काय वाकडं करणार आहेत?"

मर्लने बॉनेट लावलं, आपल्या स्वतःच्या गाडीचं लावतात तसं, धाडकन. दार उघडून, चालवणाऱ्याची जागा मला सोडून, तो शेजारच्या सीटवर बसला आणि पट्टा ओढायला लागला. व्हर्जिलने आपल्या गुणाचं नाव काढलं नाही. नुसता गॅरेजच्या दारापर्यंत गाडीबरोबर चालत आला.

डॉक्टर प्रुइट बाईंनी आत बघितलंच. साल कुठलं विचारलं, मर्ल चुकला. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, त्याने गोल काढला आणि सगळे आकडे एकाच बाजूला कोंबले. टेबलावरच्या फोनमधून ड्वाइट ऐकत होता. तो म्हणाला, बघितलंस ना, आई. डॉक्टर हळू आवाजात मला सांगू लागल्या की घरी ठेवणं पुढे पुढे फार जड जाईल, अशा वेळी संस्थेचा विचार केलेला बरा. मी म्हटलं, जड जाईल ते मला जाईल. तुम्ही नर्सच्या कागदावर सही करा.

त्यांनी पेन तसंच हातात धरून मर्लला शेवटचा प्रश्न विचारला. माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, या कोण आहेत?

मर्लने माझ्याकडे बघितलं. नाव शोधायला लागला. मला ते डोळ्यांनी दिसत होतं, एकेक खोली उघडून बघावी तसा तो शोधत होता, आणि ते कुठेच नव्हतं. सगळ्या आयुष्यात इतकं कशाने लागलं नसेल.

"नाव सापडत नाहीये," शेवटी तो डॉक्टरना म्हणाला. "पण बाई, हिच्याशी वाद घालू नका. ही मला घरीच नेणार आहे."

डॉक्टरनी सही केली, आणि मी त्याला घरी नेलं.