आडवी रेघ खाली की वर

शब्दांची बैठक म्हटलं की मला आधीच जांभई यायची. दर गुरुवारी जेवण झालं की डेन्मार्कात, आऱ्हुसमधल्या आमच्या पेन्शन कंपनीच्या वरच्या मजल्यावर आम्ही सहा जण बसायचो आणि कुठल्या चिन्हाला काय म्हणायचं यावर भांडायचो. कॉफीचा थर्मास रिकामा व्हायचा, भांडण तिथंच असायचं.

भांडण कशाचं ते सांगते. आमचा हिशेबाचा प्रोग्राम एका जुन्या भाषेत लिहिलेला आहे. तिच्यात शब्द जवळजवळ नाहीतच, नुसती चिन्हं. एक चिन्ह म्हणजे एक काम, आणि ते काम एका आकड्यावर नाही, अख्ख्या रकान्यावर होतं. सगळ्या सभासदांची वयं घेतली, त्यांच्या हप्त्यांना लावली, बेरीज केली, हे सगळं अर्ध्या ओळीत. आस्गर आणि मी, आम्ही दोघं ती भाषा तरुणपणापासून लिहितोय. नवी माणसं येतात, पडद्याकडे बघतात आणि विचारतात, कीबोर्डवर मांजर बसलं होतं का.

म्हणून तिल्डेनं ठरवलं की चिन्हं काढायची आणि त्यांच्या जागी शब्द घालायचे, कुणालाही वाचता येतील असे. तिल्डे आमची विभागप्रमुख. आमच्या चिन्हांत एक नागमोडी रेघ आहे, तिलाही तिल्डे म्हणतात आणि तिचा अर्थ 'नाही' असा होतो. आस्गरनं पहिल्याच दिवसापासून तिचं नाव 'नाहीबाई' ठेवलं. तिच्या तोंडावर म्हणायचा, आणि ती हसायची. बाई तशी भली.

"गाण्याच्या कागदावरचे सूर खोडा," आस्गर बैठकीत म्हणायचा, "आणि तिथं लिहा, 'आता जरा वर जा, आता जरा खाली ये.' मग बघू कोण गातंय ते."

"आस्गर, तू आणि बॉडिल गेल्यावर हे वाचणार कोण?" तिल्डे विचारायची.

"शिकतील. आम्ही काय आईच्या पोटातून शिकून आलो होतो?"

"हल्लीची माणसं इतकी थांबत नाहीत रे."

"मग जाऊ देत."

बॉडिल, म्हणजे मी, त्याच्याच बाजूची होते, आणि मनापासून. चिन्हांची ओळ मला एका नजरेत कळते, एखादा चेहरा कळावा तशी. शब्द घातले की तीच ओळ लांबत जाते आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होते. त्यामुळे आमची दोन मतं सगळे एकत्रच मोजायचे. मला कुणी विचारतही नसे.

मग वसंतात आस्गरचं बिघडायला लागलं. आधी त्याच्या पडद्यावरची अक्षरं मोठी झाली, मग इतकी मोठी की एक ओळ पडद्यात मावेना. कॉफी ओतताना तो कपात बोट घालून ठेवायचा. त्याच्या वाढदिवसाला आम्ही रिवाजाप्रमाणे टेबलावर झेंडा लावला, केक आणला, आणि केक आणल्याबद्दल त्यानं भलत्याच बाईचे आभार मानले. सगळे हसले. त्याची थट्टा करायची खोड सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे खपून गेलं.

मला कळलं ते त्याच्या चुकांवरून. आमच्यात दोन चिन्हं आहेत, दोन्ही म्हणजे एकेक उभी काठी. एकीला आडवी रेघ खाली असते, एकीला वर. खाली असली तर दोन आकड्यांतला लहान घ्यायचा, वर असली तर मोठा. एवढाच फरक. आस्गर त्या दोघींची अदलाबदल करायला लागला होता. जो माणूस झोपेतसुद्धा ती चूक करणार नाही, तो दिवसाढवळ्या करत होता.

"डॉक्टरला डोळे दाखवून ये," मी एकदा म्हटलं.

"दाखवले. चष्मा बदललाय."

"मग दिसतंय का नीट?"

"तुझ्या केसांचा रंग उतरलाय तेवढं दिसतंय." आणि मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला घरी पाठवायला टपलेत सगळे, बॉडिल. घरी जाऊन करू काय? बंदरावर जाऊन सीगल पक्षी मोजू?"

त्याचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक रेडिओ. बायको केव्हाच दुसरीकडे राहायला गेली होती. त्याला हे ऑफिस हवं होतं, दुसरं काहीच नाही. मी कुणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळ व्हायच्या आत सगळे सायकली काढून घरी जायचे आणि मी मागं थांबून त्याच्या ओळी तपासायचे. रेघ वरची खाली करायची, खालची वर. मग पुढच्या बसनं घरी, जेवायला राय धान्याचा पाव आणि डब्यातला हेरिंग मासा, कारण रांधायचं त्राण नसायचं. मी दमले होते. रागावलेही होते त्याच्यावर, पण रागवायलाही ताकद लागते.

आणि एक दिवस कुठं ना कुठं माझ्या हातून सुटणार, चूक बाहेर जाणार, आणि मग त्याला खरंच घरी पाठवतील, तेही मान खाली घालून, हे मला स्वच्छ दिसत होतं.

एका दुपारी मी कानाला हेडफोन लावले आणि कॉम्प्युटरला त्याची एक ओळ मोठ्यानं वाचायला लावली. यंत्रातली बाई आकडे वाचत होती, नावं वाचत होती, आणि चिन्ह आलं की नुसतं गिळत होती. तिला आमच्या चिन्हांसाठी तोंडच नव्हतं. शब्द असते तर तिनं वाचले असते, आणि आस्गरनं ऐकले असते.

पुढच्या गुरुवारी तिल्डेनं मतं घेतली. शब्दांच्या बाजूनं कोण? मी हात वर केला.

"पाच विरुद्ध एक," तिल्डे म्हणाली, आणि तिलाच नवल वाटलं.

"पाच?" आस्गर म्हणाला. "पाचवं कोण?"

मी त्याच्या समोरच बसले होते. माझा हात अजून वरच होता.

"बॉडिल?"

"हो," मी म्हटलं.

तो उठून गेला. त्यानंतर जेवताना तो कायदा विभागाच्या टेबलावर बसायला लागला, जिथं वादाच्या नादात कुणाला आपण काय खातोय तेही कळत नाही. माझ्याशी बोलायचा तो फक्त कामापुरतं. कारण सांगायला माझी जीभ वळवळली, पण सांगणार काय? 'तुला दिसत नाही म्हणून'? ते त्यानं स्वतः सांगितल्याशिवाय माझ्या तोंडून निघणं बरं नव्हतं. तो चिन्हंच लिहीत राहिला, आणि मग एक छोटा प्रोग्राम त्यांचे शब्द करायचा. मी अजून थांबून तपासत होते. फक्त एका दुपारी वैताग आला आणि मी सरळ बस पकडली.

बदल पुरा झाल्यावर कायदा विभागाला दाखवायचं ठरलं. पेन्शनचे नियम त्यांचे, तेव्हा त्यांना तरी वाचून कळतंय का ते बघू, असं तिल्डेचं म्हणणं. मी सुचवलं की पडद्यावर दाखवू नकोस, यंत्राला मोठ्यानं वाचू दे. आस्गरच्या कानावर पडावं, मग डोकं तो स्वतःच चालवेल, एवढाच माझा डाव होता.

यंत्रातली बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, "सदुसष्ट मिन वय."

आणि सगळी खोली हसत सुटली. दोनांतला लहान आकडा घ्यायचा, त्याला आम्ही 'मिन' हा शब्द ठरवला होता. हिशेबात वय सदुसष्टच्या पुढं धरायचं नाही, एवढाच त्या ओळीचा अर्थ. पण आमच्या डॅनिशमध्ये 'मिन' म्हणजे 'माझं' किंवा 'माझी'. सदुसष्ट माझं वय! इतके गुरुवार आम्ही भांडलो आणि हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण तो शब्द आम्ही फक्त कागदावर बघितला होता.

"बरं टिकवलंस गं स्वतःला," कायदा विभागातला प्रेबेन यंत्राला म्हणाला.

आस्गरसुद्धा हसला. किती दिवसांनी ते मी ऐकलं. तिल्डे लाल झाली, म्हणाली, शब्द बदलू, पुढं ऐका. बाई पुढं वाचू लागली. विधवांच्या पेन्शनचा भाग आला, तो नवा होता, आस्गरनं लिहिलेला.

"सदुसष्ट मॅक्स वय."

"थांब," आस्गर म्हणाला. "परत वाच."

"सदुसष्ट मॅक्स वय."

हीच ती दुपार, बसची. मॅक्स म्हणजे दोनांतला मोठा. या ओळीनं चाळिशीतल्या बाईलाही सदुसष्टची धरून पेन्शन बसवली असती, आणि सोमवारपासून हे चालू होणार होतं.

"चूक आहे का ही?" प्रेबेननं विचारलं. आता तो हसत नव्हता. "कुणाची?"

मी तोंड उघडलं. माझी म्हणून टाकावं आणि सुटावं, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"मिन," आस्गर म्हणाला.

तिल्डेनं मान डोलावली आणि लिहून घेतलं, मॅक्सच्या जागी मिन. तिला वाटलं, तो दुरुस्ती सांगतोय.

"तिल्डे, तेही लिही," तो म्हणाला, आणि त्यानं कधी नव्हे ते तिला तिच्या नावानं हाक मारली. "पण मी म्हणतोय, माझी. चूक माझी. ती रेघ खाली आहे की वर, मला दिसत नाही. वसंतापासून दिसत नाही. बॉडिल मागून पुसत फिरते, तिला वाटतं मला कळत नाही."

मी टेबलाची कड धरून बसले होते. लाज वाटावी इतकं हलकं वाटत होतं मला. तिल्डेनं पेन खाली ठेवलं आणि ती हळूच म्हणाली, "मग आता कसं करू या, आस्गर?"

त्यानं खुर्ची यंत्राच्या आवाजाकडे वळवली.

"पुढची ओळ वाचायला सांग तिला," तो म्हणाला. "आणि जरा सावकाश. मला सवय नाही."