रॅमचा आजचा भाव

खुशालरावने कॉम्प्युटरची रॅम घेतली ती २००१च्या मार्चमध्ये, दोन हजार सहाशे रुपयांना. अकोल्याच्या दुकानात गेला, "एकशे अठ्ठावीस एमबीची द्या" म्हणाला आणि बसवून घेऊन घरी आला. चार ठिकाणी भाव विचारला नाही, काही नाही. हे त्यानेच मला फोनवर सांगितलं. फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही.

आम्ही अमरावतीला कॉलेजात असताना एका खोलीत राहत होतो. पुढे तो अकोल्यात हेडमास्तर झाला आणि मी अमरावतीत ग्रंथपाल. तो बोलायला उभा राहिला की लोक हसत, टाळ्या वाजवत. मी मागच्या खुर्चीत बसे आणि यातलं निम्मं मीच त्याला कधीतरी सांगितलं होतं, असं मनात म्हणे. ते खरं होतं की नाही, हे आता खात्रीने सांगता येणार नाही.

माझं स्वतःचं म्हणावं असं एकच काम होतं. तीस वर्षं मी वऱ्हाडी शब्दांची कार्डं लिहीत होतो. शेतीचे, स्वयंपाकघरातले, भांडणातलेसुद्धा शब्द. निवृत्त झाल्यावर खुशालरावनेही तेच सुरू केलं. "तुह्यं पाहून मलेही वाटलं, करून पाहू," असं तो हसत म्हणाला. मीही हसलो.

मग अकोल्याच्या एका मंडळाने वऱ्हाडी शब्दकोश छापायचं ठरवलं. कापसाला भाव नव्हता, गावागावांतून येणारी वर्गणी आटली होती, त्यामुळे एकच कोश छापता येणार होता. टाइप केलेली प्रत ३१ मार्च २००२पर्यंत द्यायची होती. माझी कार्डं साडेनऊ हजार. पण माझा कॉम्प्युटर पुतण्याने वापरून सोडलेला, त्यात बत्तीस एमबीची रॅम. फाइल 'प'पर्यंत पोचली आणि अडली. एक पान पुढे सरकायला एक कप चहा पिऊन व्हायचा. रॅम घेतल्याशिवाय माझा कोश पुरा होणार नव्हता.

राजकमल चौकाजवळ रऊफभाईंचं दुकान होतं. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करत, आता कॉम्प्युटर. दाराशी पाटी टांगलेली, तिच्यावर खडूने रोजचा भाव.

"रऊफभाई, आज काय?"

"एकोणीसशे, सर. घेऊन टाका."

"अजून पडेल का?"

"पडंल बी, चढंल बी. तिकडं कोरियात ठरते, अन् मी इथं पाटीवर लिहितो. माह्या हातात फक्त खडू हाय."

मी घेतली नाही. घरी येऊन खुशालरावला पोस्टकार्ड लिहिलं: 'स. न. वि. वि. एकशे अठ्ठावीसची रॅम आज एकोणीसशे. कळावे.'

पुढचं इथे लिहावं की लिहू नये, याचा मी बराच विचार केला आहे. पण लिहितोच. पुढे दर सोमवारी मी रऊफभाईंच्या दुकानात जाऊ लागलो. सोळाशे पन्नास. चौदाशे. अकराशे. दर सोमवारी एक कार्ड अकोल्याला जाई. भाव जितका खाली येई तितका खुशालराव अधिक मूर्ख ठरे. ज्या दिवशी मी रॅम घेईन त्या दिवशी त्याचा मूर्खपणा तिथेच थांबेल, म्हणून मी घेत नव्हतो. तेव्हा मात्र मी स्वतःला सांगत होतो, की मी काटकसर करतोय.

नोव्हेंबरात पाटीवर सातशे चाळीस आले.

"सर, आता याच्या खाली त फुकटच वाटा लागंल," रऊफभाई म्हणाले.

"सातशेवर आली की घेतो."

"चाळीस रुपयांसाठी थांबता? बाप्पा! तुमचा कोश त 'प'वरच म्हातारा होईन, सर."

दुकानातले दोघेतिघे हसले. मी पोस्टात जाऊन कार्ड टाकलं.

डिसेंबरात नऊशे झाले. मी म्हटलं, उतरेल. जानेवारीत पंधराशे. सातशे चाळीस डोळ्यांनी पाहिलेला माणूस पंधराशे कसे देणार? आमचं गाव हिवरखेड. तिथे वडील कापसाने खोली भरून ठेवत आणि चैत्रापर्यंत भावाची वाट पाहत. "घाईनं इकते तो मरते," असं ते आईला सांगत. थांबायचं मी त्यांच्याकडून शिकलो. पण वडील थांबत तेव्हा त्यांच्या घरात कापूस असे. माझ्या घरात काही नव्हतं, मी नुसताच थांबलो होतो. हे लक्षात आलं तेव्हा फेब्रुवारी अर्धा सरला होता आणि पाटीवर एकवीसशे पन्नास होते.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, खुशालराव न कळवता घरी आला.

"काय शेषराव! जित्ता हायेस का? कार्डं बंद काहून केली?"

भाव चढू लागल्यापासून मी कार्ड पाठवलं नव्हतं. तो खुर्चीत बसला आणि त्याने खिशातून एक चपटी डबी काढली. आत रॅमची पट्टी होती, एकशे अठ्ठावीसची.

"तुह्या कार्डावरच नजर ठेवून होतो. सातशे चाळीस आलं, अन् म्हटलं आता बस. दोन घेतल्या. एक माह्या मशीनले जोडीले, एक ही तुह्यासाठी. तू त कार्डं लिहिण्यातच राहशीन, हे मले माहीत होतं."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी इतके महिने त्याला टोचण्यासाठी कार्डं लिहिली, आणि त्याने त्यांचा उपयोग केला, तोही माझ्यावर उपकार करायला.

"मी घेतली," मी म्हणालो. "मागच्याच आठवड्यात."

"घेतली? वा! दाखव मंग. लाव मशीन. पाहू कशी पळते."

"लाईट गेलीय."

आमच्या दोघांच्या डोक्यावर पंखा फिरत होता. खुशालरावने एकदा वर पाहिलं. मग डबीचं झाकण लावलं आणि ती खिशात ठेवली. हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

मी पाणी आणायला म्हणून आत गेलो. आत दुर्गाबाई, माझी बायको, पोह्यांना फोडणी देत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मागून घ्या ती पट्टी."

"नाही."

"सहा आठवडे राह्यले. काय हट्ट म्हणावं बाई याले!"

बाहेर आलो तर खुशालराव माझ्या कार्डांच्या कपाटापाशी उभा होता. त्याने 'म'चा खण ओढला होता आणि बोटाने कार्डं मागे सारत होता. मग 'र'चा ओढला. मग 'व'चा.

"हे सारे भरले हायेत?"

"हो. साडेनऊ हजार."

"माह्ये चार हजार होतात," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. त्याने एक कार्ड वाचलं, दुसरं वाचलं आणि मोटेच्या भागांची नावं लिहिलेल्या कार्डापाशी थांबला. "हे तुले कोनं सांगितलं?"

"बाळापूरकडचे एक नत्थुजी होते. मोट हाकायचे. वारले."

त्याने ते कार्ड परत खणात सारलं. त्याचं तोंड उतरलं होतं. ते मी नीट पाहून घेतलं. वर्षभरात मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

पोह्यांच्या बशा घेऊन दुर्गाबाई बाहेर आली. "भाऊजी," ती म्हणाली, "ती पट्टी इथंच ठेवून जा. यायनं काही घेतली नाही. अन् लाईट त सकाळपासून एकदाही गेली नाही."

 मी आत गेलो, कपाटातून पैसे आणले आणि त्याच्यासमोर ठेवले. एकवीसशे पन्नास.

"हे काय?"

"आजचा भाव."

"म्या सातशे चाळीसनं घेतली, येड्या."

"आजचा भाव घे. नाही तर पट्टी घेऊन जा."

दुर्गाबाईने कपाळाला हात लावला. खुशालरावने नोटा उचलल्या. मोजल्या नाहीत. "घेतो," म्हणाला. "आमच्या अकोल्यात गिऱ्हाईकाले वापस पाठवत नाहीत." पोहे खाऊन तो साडेतीनच्या बसने गेला.

रऊफभाईंनी पट्टी बसवली आणि फाइल पळू लागली. मी रोज आठ-नऊ तास एका बोटाने टाइप केलं. 'फ' संपला, 'म' संपला, 'स' संपता संपेना. डोळे सुजले. दर पानाला वाटे, तो आता कुठपर्यंत आला असेल? तीस मार्चला मी प्रत बांधून अकोल्याला मंडळाच्या कार्यालयात गेलो. टेबलावर केशरबाई होत्या, मंडळाचं सगळं कागदपत्र त्यांच्याकडे असे. त्यांनी प्रत घेतली आणि पावती लिहायला लागल्या.

"दुसरी प्रत कधी आली?" मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं.

"खुशालराव गुरुजींची? ते त जानेवारीतच देऊन गेले होते. मंग फेब्रुवारीत येऊन वापस घेऊन गेले."

"का?"

"मले काय सांगतात? म्हणे, शब्द कमी पडले, अजून घालतो. उद्या शेवटची तारीख हाय, पण काल इकडून गेले त आत डोकावलेबी नाहीत. तुमी त त्यायचे दोस्त ना? जाऊन सांगा त्यायले. चार हजार का होईना, येऊ द्या म्हणा. मंडळ पाहीन काय छापाचं ते."

मी पावतीची घडी घालून खिशात ठेवली. "सांगतो," म्हणालो.

खुशालरावचं घर तिथून पायी दहा मिनिटांवर होतं. मी कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. तिथून त्याच्या घराची गच्ची दिसत होती, गच्चीवर कोणीतरी वाळवण घालत होतं. आत गेलो असतो तर त्याने उठून माझ्या पाठीवर थाप मारली असती, आणि उद्या प्रत नेऊन दिली असती. चार हजार शब्दांची प्रत, पण त्याच्या बोलण्याने मंडळाला आठ हजारांची वाटली असती.

मी रिक्षाला हात केला आणि स्टँडवर गेलो. अमरावतीची बस लागलेलीच होती.