चांदीपचे आकडे

रक्तदात्यांची यादी इंटरनेटवर टाकायची हे ठरलं २००५च्या जानेवारीत. रक्तदान मंडळाचे अध्यक्ष विलासराव म्हणाले, "सुमेधा, तू अंधेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेस. साइट कुठल्या होस्टिंगवर ठेवायची ते तूच बघ."

सुमेधाने दोन कंपन्या निवडल्या. एकीचा सर्व्हर अमेरिकेत, दुसरीचा मुंबईत. दोन्हीकडे तीच पानं चढवून आठवडाभर तीन ठिकाणांहून मोजायचं तिने ठरवलं. अंधेरीच्या ऑफिसातून ती स्वतः, उमेळ्याच्या फ्लॅटमधून वडील सदानंद आणि तालुक्याच्या पूर्वेकडच्या चांदीप गावातून जितेंद्र. जितेंद्र तिचा कॉलेजातला मित्र, तिथल्या शाळेत शिक्षक होता. शाळेत एक कॉम्प्युटर आणि फोनची एक लाइन होती. दिवसातून तीनदा शंभर छोटे संदेश सर्व्हरकडे पाठवायचे, किती परत आले ते लिहायचं, मग पान उघडायला किती सेकंद लागले ते घड्याळ लावून बघायचं.

अंधेरीहून आणि उमेळ्याहून मुंबईचा सर्व्हर कितीतरी पुढे होता. जितेंद्रचा कागद मात्र उलटंच सांगत होता. अमेरिकेचं पान वीस-पंचवीस सेकंदांत उघडत होतं. मुंबईचं एकवीसपैकी चौदा वेळा उघडलंच नव्हतं. शंभरातले साठेक संदेश वाटेतच हरवत होते.

"तुमची लाइन खराब असेल रे," ती फोनवर म्हणाली.

"लाइन तीच आहे ना गं? मग एक उघडतं आणि दुसरं का नाही?"

चांदीपचा फोन कुठून कुठे फिरून जातो हे शोधायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक होती, आणि तीन ठिकाणांतलं एकच विचित्र वागत होतं. तिने तक्त्यातून चांदीपचा रकाना काढून टाकला. मुंबईचा सर्व्हर एकमताने ठरला. साइट सुरू झाली, पेपरात चार ओळी आल्या, जितेंद्रने आपल्या घरच्या सगळ्यांचे रक्तगट तपासून नावं मंडळाकडे लिहून दिली.

नोव्हेंबरात भाताची मळणी चालू असताना जितेंद्रच्या वडिलांचा, शंकररावांचा, हात मशीनमध्ये गेला. शाळेत निरोप आला तेव्हा लोक त्यांना जीपमधून विरारच्या हॉस्पिटलकडे घेऊन निघालेही होते. त्यांचा रक्तगट बी निगेटिव्ह, सहज न मिळणारा. जितेंद्रला तो पाठ होता. आधी नावं काढून घ्यावी, मग मागोमाग निघावं, म्हणून तो कॉम्प्युटरसमोर बसला. तीनदा प्रयत्न केला. पान अर्ध्यावर येऊन थांबायचं, मग पांढरं व्हायचं. बारा मिनिटांनी तो उठला आणि त्याने सुमेधाच्या ऑफिसात फोन केला. ती मीटिंगमध्ये होती.

सव्वा तासाने तिला चिठ्ठी मिळाली. तिने यादी उघडली. दोन सेकंद लागले. बी निगेटिव्हमध्ये पहिलंच नाव निर्मळ गावच्या ऑगस्टीनचं होतं. तिने फोन करताच तो केळीच्या बागेतलं हातातलं काम टाकून स्कूटरवर निघाला आणि पाऊण तासात हॉस्पिटलात पोचला. शंकरराव वीस मिनिटांपूर्वीच गेले होते. रक्त वेळेवर मिळालं असतं तर वाचले असते का, हे डॉक्टरांना सांगता येत नव्हतं.

बाराव्यानंतर सुमेधा चांदीपला गेली. दारात जितेंद्रची आई मथुराबाई बसल्या होत्या. "ये बाय, बस. लांबून आलीस, पानी देते," म्हणत त्या आत गेल्या.

जितेंद्र ओटीवर होता. त्याने तिच्यासाठी चटई सरकवली. मग म्हणाला, "माझा कागद तू बैठकीत दाखवला होतास?"

गडबडीत राहून गेला, असं म्हणता आलं असतं. तो विश्वासही ठेवणार होता.

"नाही दाखवला," ती म्हणाली. "रकाना मीच काढला."

त्याने मान हलवली. "मला वाटत होतं, माझंच मोजताना काहीतरी चुकलं. बारा मिनिटं मी तिथे बसलो, सुमेधा. बाबांच्या जीपमागे निघालो नाही."

मथुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. ती पाणी प्यायली. त्यांनी तिला चहालाही थांबवून घेतलं, तुझे वडील कसे आहेत म्हणून विचारलं. जितेंद्र उठून शेताकडे निघून गेला, तो ती निघेपर्यंत आला नाही.

तिने बैठकीत सगळं सांगितलं. विलासराव म्हणाले, "अगं, तांत्रिक गोष्ट आहे. मनाला लावून घेऊ नकोस." कोणी तिला एका शब्दाने बोललं नाही. तिने साइट दुसरीकडे हलवली, या खेपेला पूर्वेकडच्या सहा गावांत स्वतः जाऊन मोजलं आणि सगळं विलासरावांच्या हवाली करून मंडळ सोडलं.

जूनमध्ये जितेंद्रने जव्हारकडे बदली मागून घेतली. सुमेधाला ते ऑगस्टीनकडून कळलं. तिने दोन पत्रं पाठवली. दुसऱ्याला उत्तर आलं, मथुराबाईंनी कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. आम्ही बरे आहोत, तो कामात असतो, तू येत जा, एवढंच त्यात होतं. ती गेली नाही.