बुटात राहिलेला चमत्कार

जपानच्या हेइसेई सनाचं नववं, म्हणजे १९९७ साल. त्या वसंतात मुलांअभावी आमच्या डोंगरातल्या गावची शाळा बंद झाली, आणि शरदात पानं लाल होता होता बंद पडलेल्या तोफूच्या दुकानात चमत्कार सुरू झाला.

सकाळपासून दुकानासमोर रांग लागे. सगळी डोकी पांढरी. दारात बूट काढून फळीवर ठेवायचे, फुकटची अंडी घ्यायची आणि आत चटईवर जाऊन बसायचं. मी अंड्यांसाठी जात असे. माझी थोरली जाऊ मासुए मात्र श्रद्धेने जाई.

पांढरा कोट घातलेला, बाहेरगावचा विक्रेता कुरामोची खुर्चीवर उभा राहून सांगे, "आजी, तुम्ही पडत नाही. पृथ्वी तुम्हाला पाडते. तिच्या लहरी तळपायातून शिरतात, डोक्यातून निघतात आणि जाताना तोल घेऊन जातात."

"माझी बायकोही अशीच गेली," इसोजी न्हावी म्हणाला. "पण ती जाताना गल्ल्याची पेटीही घेऊन गेली."

सगळे हसले. कुरामोचीही हसला. मग त्याने एका आजोबांना पाय जुळवून उभं केलं, एक हात बाजूला ताठ धरायला लावला आणि मनगटावर दोन बोटं ठेवून दाबलं. आजोबा कलंडले. मग त्यांच्या पायांखाली त्याने खडे शिवलेले तळवे ठेवले. पवित्र डोंगराच्या पोटातले खडे, असं तो सांगे. पुन्हा दाबलं. आजोबा खांबासारखे उभे. बायकांनी हात जोडले.

असे तळवे बुटात घालायचे, की झालं. किमतीत महिन्याचं पेन्शन जाई.

जाऊबाईंनी ते घेतले, त्याला कारण होतं. मागच्या हिवाळ्यात घराच्या दारात बूट काढून वर चढायच्या उंच पायरीवर त्या अडखळल्या आणि मनगट मोडलं. नागोयाहून आलेला मुलगा तात्सुओ म्हणाला, "आई, आणखी एकदा पडलीस तर घराला कुलूप. माझ्याकडे आठव्या मजल्यावर राहायचं." आठव्या मजल्यावर जाऊबाईंच्या मुळ्याच्या वाफ्याला जागा नव्हती. खडे घरात आल्यापासून त्या निवांत झोपू लागल्या.

ओगिवारा बाईंकडे जाणं मात्र त्यांनी सोडलं. बाई आमच्या शाळेत कवायत शिकवत. निवृत्तीनंतर रिकाम्या शाळेत त्या म्हाताऱ्यांना जमवत आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायला, टाचा उचलायला, वजन घेऊन चालायला लावत. वजन म्हणून लोणच्याच्या पिंपावर ठेवायचे दगड. त्यासाठी प्लास्टिकची वजनं आल्यापासून ते सगळ्यांच्या परसात पडूनच होते.

एकदा बाईंनी जाऊबाईंना रस्त्यात गाठलं. "मासुए, येत नाहीस?"

"बाई, खडे दिवसभर काम करतात. मग मी कशाला ऊठबस करू?"

"खडे कामावर आणि पाय सुट्टीवर. बरं आहे."

"तुम्हाला राग आलाय."

"मला भीती वाटतेय," बाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात कुरामोचीने 'लाभार्थ्यांचा दिवस' ठेवला. ओगिवारा बाईही आल्या आणि अंडी न घेता मागे बसल्या. कुरामोचीने जाऊबाईंना पुढे बोलावलं. त्यांनी हात ताठ केला, त्याने दाबलं, त्या हलल्या नाहीत. टाळ्या पडल्या.

"बघा," कुरामोची म्हणाला, "मनगट मोडलेली बाई आज देवदारासारखी उभी आहे. कशामुळे?"

"तेच विचारते," मागून बाई म्हणाल्या. "मासुए, तुझे खडे कुठे आहेत?"

"बुटात."

"आणि बूट?"

जाऊबाईंनी दाराकडे पाहिलं. मग आपल्या मोज्यांकडे. दुकानभर सगळ्यांनी आपापल्या मोज्यांकडे पाहिलं.

"गुण शरीरात मुरतो," कुरामोची घाईने म्हणाला.

"मुरतो तर लोणच्यासारखा मुरू दे. पण ही पडली ती घरात, मोज्यांवर. आपण सगळे घरातच पडतो. घरात बूट कोण घालतं?"

"कुरामोची साहेब घालत असतील," इसोजी म्हणाला.

बाई पुढे आल्या. त्यांनी जाऊबाईंचा हात खाली दाबता दाबता किंचित बाहेर ओढला. जाऊबाई कलंडल्या, बाईंनीच सावरलं. मग तोच हात त्यांनी किंचित अंगाकडे रेटत दाबला. जाऊबाई घट्ट उभ्या. "बाहेर ओढलं की माणूस पडतो, आत रेटलं की भार त्याच्याच पायांवर येतो. शिवाय दुसऱ्या वेळी माणूस आधीच सावध असतो. यात खडा कुठे आला?" त्या कुरामोचीकडे वळल्या. "तुम्ही उभे राहा. दोन्ही पायांखाली खडे घ्या. हवे तर चार घ्या."

त्याला नाही म्हणता येईना. तो उभा राहिला. सत्तरीच्या बाईंनी दोन बोटांनी दाबलं. कुरामोची कलंडला तो अंड्यांच्या टोपलीच्या दिशेने. अंडी थोडक्यात वाचली. धंदा वाचला नाही.

घरी जाताना जाऊबाई माझा हात धरून रडल्या. "आता मी पडणार, चियो. आता आठवा मजला."

बाई सोबत होत्या. "अडखळणार प्रत्येक जण. अडखळल्यावर सावरायला एक क्षण मिळतो. मांड्यांत आणि पोटऱ्यांत बळ असेल तर त्या क्षणात पुढचं पाऊल पडतं, नाहीतर माणूस पडतो. ते बळ विकत मिळत नाही, पण आपल्या वयातही वाढतं. उद्या ये. दगड घेऊन ये."

जाऊबाई गेल्या. कुरकुरत गेल्या, पण वर्षभर गेल्या. पुढच्या नववर्षाला तात्सुओ आला, तेव्हा त्याच्यासमोरच त्यांचा पाय त्याच पायरीला लागला. मोचीची, म्हणजे तांदळाच्या चिकट वड्यांची, थाळी हातात होती. दुसरा पाय पटकन पुढे पडला, थाळी डुलली, त्या उभ्या राहिल्या. तात्सुओ धावला होता, तो मधेच थांबला. "बस, खा," त्या म्हणाल्या. कुलपाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

कुरामोची घाटापलीकडे गेला आणि तिथे पाणी विकू लागला, असं ऐकलं. इसोजी शेवटपर्यंत बायकोची वाट पाहत होता. ओगिवारा बाई नव्वदीत गेल्या. त्यांचा वर्ग आता मी घेते. जाऊबाई आपल्याच घरात, मुळ्याचा वाफा दिसेल अशा खोलीत वारल्या.

आजही कुणी ना कुणी अंडी वाटत येतं. अंडी घ्या हवी तर, पण चमत्कार दाखवला की एकदा विचारा, हे बूट काढल्यावरही होतं का? आणि खुर्चीवरून उठताना हात टेकू नका.

खड्यांचे ते तळवे अजून आहेत. जाऊबाईंनी ते स्वयंपाकघरातल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घातले होते. त्या टेबलाचा तोल मात्र सुधारला.