रंगूबाईंच्या वाटीतलं दही

मित्रांनो, मी एक जुनी दह्याची बरणी आहे आणि स्वभावाने पक्की संशयी आहे. तुम्ही मला उचललंत, तर माझ्या मनात आधी हेच येईल, की हा हात धुतलेला आहे ना?

मी चिनी मातीची, भट्टीत भाजून निघालेली. रंगूबाईंनी मला गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात टिचकी मारून, नाद ऐकून घेतलं. त्यांचा मेथी-कोथिंबिरीचा मळा आहे. रोज दूध कोमट करून त्या माझ्यात विरजण लावायच्या. दही असं घट्ट लागायचं, की आजूबाजूच्या बायका विरजण मागायला यायच्या आणि माझंही कौतुक करायच्या. पुढे त्यांच्या लेकाचं, महेशचं लग्न झालं, सून छाया आली, दह्याच्या पिशव्या आल्या आणि मी फळीवर गेले. प्लॅस्टिकवर माझा तेव्हापासून काडीचा विश्वास नाही.

गेल्या हिवाळ्यात रंगूबाई ओल्या बांधावर घसरल्या. पडल्या नुसत्या हातावर, पण मनगट मोडलं. गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी हाडं तपासली. त्या काय म्हणाल्या, ते छायाने स्वयंपाकघरात सगळ्यांना सांगितलं, म्हणून मला कळलं. पाळी गेल्यावर बायकांची हाडं भराभर झिजू लागतात. आता पुन्हा पडल्या, तर खुबा मोडेल. गोळ्या घ्यायच्याच, शिवाय दही, नागली म्हणजे नाचणी, कडधान्यं, पालेभाज्या खायच्या. आपल्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात. त्यांना चांगला खाऊ मिळाला, तर अन्नातलं कॅल्शियम अंगी लागायला मदत होते, असं संशोधनात दिसू लागलं आहे म्हणे.

झालं, मला फळीवरून उतरवलं! रोज दुपारी रंगूबाईंसाठी मांडून ठेवलेल्या ताटाशेजारी दह्याची वाटी येऊ लागली.

पण कुठेतरी पाणी मुरत होतं. वाटी रिकामी व्हायची, चमचा मात्र कोरडाच घासायला यायचा. माझा पहिला संशय मांजरावर होता. दुसरा रंगूबाईंच्या नवऱ्यावर, खंडेरावांवर, कारण हल्ली त्यांच्या मिशांना दही लागलेलं असायचं. शंका छायालाही आली. एके दुपारी ती भाकरी थापता थापता एकदम वळली. रंगूबाई आपली वाटी खंडेरावांच्या ताटात पालथी करत होत्या.

"मामा, आत्याबाईंचं दही तुम्ही खाता?"

खंडेराव गोंधळले. "तीच वाढती रोज. मला वाटलं, म्हातारपणी माया वाढली."

रंगूबाईंनी मान खाली घातली. "मी दही सोडलंय गं. महेशला ल्हानपणी कावीळ झाली व्हती. लय वाईट दिवस. तो बरा झाला, अन मी काशीला जाऊन दही सोडलं. जल्मासाठी."

"अन एवढी वर्षं कुणाला कळलं नाय?" छायाने विचारलं.

"मी शेवटाला जेवते. कोण बघतंय?"

खंडेरावांनी मिशा पुसल्या. महेश तेवढा भाजी घेऊन बाजारात गेला होता.

"आता नेम मोडला, अन त्याला काय झालं तर?" रंगूबाई म्हणाल्या. एकीकडे खुबा, एकीकडे लेक. मला त्यांची फार कीव आली.

छायाने वाद घातला नाही. "नका मोडू. माझ्या माहेरी, पेठकडं, नागलीचं पीठ नुसत्या पाण्यात भिजवून आंबवतात. तसली बिनताकाची आंबील चालंल ना?"

रंगूबाईंनी जरा विचार केला आणि होकारार्थी मान डोलावली.

छायाने डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, मग मला उकळत्या पाण्याने धुतलं आणि माझ्यात पीठ कालवलं. हे काय भलतंच, म्हणून मी रुसले होते. पण दुसऱ्या दिवशी बुडबुडे आले, ओळखीचा आंबट वास सुटला आणि मला बरं वाटलं. आता रंगूबाई सगळ्यांबरोबर जेवायला बसतात. त्यांनी आंबील संपवली, की मगच छाया आपला घास उचलते. पुढची तपासणी अजून व्हायची आहे. हाडं किती सावरतील, ते मला सांगता येणार नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हीही थोडे संशयी व्हा. सगळ्यांना वाढणारी बाई "माझं झालं, तुम्ही जेवा" म्हणाली, तर लगेच खरं मानू नका. उठा आणि तिचं ताट बघा.